शरीरांतील दवंडी

श्रोतेहो, कोणत्याहि गांवांतील सातव्या इयत्तेचा वर्ग क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. चाळीस मुलें एका वयाचीं, एकाच आडाचें पाणी प्यालेलीं, बहुधा सारख्याच भाजी-भाकरीवर वाढलेलीं. तरी त्यांतील तिघांकडे मास्तरांचें लक्ष पुन्हां पुन्हां जातें. पहिला मुलगा गेल्या वर्षीं प्रार्थनेच्या वेळीं कोवळ्या आवाजांत पुढें म्हणत असे. यंदा तोंड उघडलें कीं आवाज फाटतो आणि सारा वर्ग हंसतो. दिवाळीस शिवलेली त्याची विजार आतां घोट्यांच्या वर आली आहे. दुसरा मुलगा तासांत दोनदां पाणी पिण्यास व तितक्याच वेळां बाहेर जाण्यास परवानगी मागतो; अभ्यास चुकविण्याची ही युक्ति आहे, अशी मास्तरांची खात्री झाली आहे. तिसरी एक मुलगी. दोन वर्षांत तिची उंची बोटभरसुद्धां वाढलेली नाहीं. चैत्रांतहि तिला अंगावर कांहींतरी गरम हवें असतें. प्रश्न विचारला तर उत्तर बरोबर येतें, परंतु तें येईपर्यंत मास्तरांचा धीर सुटलेला असतो. मुलांनीं तिचें नांव 'ढ' असें ठेवून दिलें आहे.

पहिल्याची थट्टा होते, दुसऱ्याला छडी मिळते आणि तिसरीला मागच्या बांकावर बसविलें जातें. या तिन्ही न्यायनिवाड्यांत एकच चूक आहे. ज्या गोष्टींबद्दल या मुलांना बोल लावला जातो, त्या त्यांच्या इच्छेच्या ताब्यांतल्या नाहींतच. शरीराच्या राज्यांत एक असें खातें आहे कीं, त्याचा कारभार मनाला विचारून चालत नाहीं आणि छडीला भीत नाहीं. त्या खात्याचें नांव अंतःस्रावी ग्रंथि. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

ग्रंथि म्हणजे रक्तांतून निवडक द्रव्यें उचलून त्यांपासून नवा रस तयार करणारी पेशींची वखार. चिंचेचें नांव काढलें कीं तोंडास पाणी सुटतें, तें लाळग्रंथींमुळें. उन्हांत चाललें कीं घाम येतो, तो घर्मग्रंथींमुळें. या ग्रंथींना बारीक नळ्या असतात व त्यांचा रस नळीवाटे ठरलेल्या जागीं जाऊन पडतो. परंतु शरीरांत दुसऱ्या कांहीं ग्रंथि अशा आहेत कीं, त्यांना नळीच नाहीं. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना या पिंडांचें मोठें कोडें पडे. रस बाहेर जाण्यास वाट नाहीं, मग हे पिंड करतात तरी काय? या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास बराच काळ जावा लागला. या ग्रंथि आपला रस सरळ रक्तांत सोडतात, आणि रक्त तो सर्व शरीरभर नेतें. या रसांतील कार्यकारी द्रव्यांना इंग्रजींत हार्मोन व मराठींत संप्रेरक म्हणतात.

शरीरांत निरोप पोंचविण्याचे मार्ग दोन आहेत. एक मज्जातंतूंचा. विस्तवाला बोट लागलें कीं हात मागें येतो. तो निरोप कांहीं तंतूंतून सेकंदास शंभर मीटरपर्यंतच्या वेगानें धांवतो आणि ज्याला द्यावयाचा त्यालाच पोंचतो. पूर्वीच्या काळच्या तारेसारखा हा प्रकार. दुसरा मार्ग दवंडीचा. गांवांत दवंडी पिटली म्हणजे ती पाटलाच्या वाड्यापासून वेशीजवळच्या झोंपडीपर्यंत सर्वांच्या कानीं जाते. परंतु पाणीपट्टी भरण्याची दवंडी असेल, तर ज्याच्याकडे बाकी आहे तोच उठतो. बाकीचे आपल्या कामांत गर्क राहतात. संप्रेरकाचें अगदीं असेंच आहे. तें रक्तांतून प्रत्येक पेशीच्या दारावरून जातें, परंतु ज्या पेशींना त्याची खूण ओळखतां येते त्याच कामास लागतात. तारेपेक्षां दवंडी सावकाश खरी, परंतु ती साऱ्या गांवाला एकाच वेळीं हालवूं शकते, आणि तिचा परिणाम घटकाभर, महिनाभर किंवा वर्षानुवर्षेंहि टिकतो.

या दवंडीचा पहिला पुरावा मिळाला तो कोंबड्यांपासून. सन १८४९ मध्यें जर्मनींतील गटिंगेन येथें बर्थोल्ड नांवाच्या शास्त्रज्ञानें कांहीं तरुण कोंबड्यांचीं वृषणें काढून टाकलीं. त्यांचे तुरे सुकले, आरवणें मंदावलें, भांडण्याची खुमखुमी संपली. दुसऱ्या कांहीं कोंबड्यांत त्यानें काढलेलें वृषण पोटांत भलत्याच जागीं पुन्हां बसविलें. तें तेथें रुजलें, आणि हे कोंबडे इतर कोंबड्यांसारखे तुरेबाज व भांडखोर झाले. जुने मज्जातंतु तर तुटलेले होते. म्हणजे निरोप गेला तो रक्तांतूनच, असा त्यानें निष्कर्ष काढला. पण त्या काळीं त्याच्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं.

पुढें १९०२ च्या जानेवारींत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनीं या प्रश्नाचा निकाल लावला. जठरांतील आंबट अन्न आंतड्यांत उतरलें कीं स्वादुपिंडांतून पाचक रस झरूं लागतो, हें ठाऊक होतें; मात्र हा निरोप मज्जातंतूच नेतात, असा समज होता. या दोघांनीं एका भूल दिलेल्या कुत्र्याच्या आंतड्याच्या तुकड्याचे सर्व मज्जातंतु तोडले, आणि त्यांत थोडें आम्ल सोडलें. स्वादुपिंड पूर्वीसारखेंच पाझरूं लागलें! मग त्यांनीं आंतड्याचें आंतील अस्तर खरवडून तें वाळू व आम्ल यांसह खललें, गाळलें आणि तो गाळ शिरेंत टोंचला. थोड्याच वेळांत स्वादुपिंडांतून थेंब गळूं लागले. आंतड्यानें रक्तावाटे पाठविलेला निरोप प्रथमच हातीं लागला होता. त्याचें नांव त्यांनीं सिक्रिटीन ठेवलें. १९०५ मध्यें स्टार्लिंगनें अशा सर्व द्रव्यांना 'हार्मोन' हें नांव दिलें. 'चेतविणें' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तें घेतलें आहे.

आतां या कारभाऱ्यांची थोडी ओळख करून घेऊं. मेंदूच्या तळाशीं, खोगिराच्या आकाराच्या हाडाच्या खोबणींत मटाराच्या दाण्याएवढी पीयूषिका ग्रंथि बसलेली आहे. तिचें वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. परंतु हाडांची वाढ, मातेचें दूध, मूत्रपिंडांनीं किती पाणी राखावें इतक्या गोष्टी तिच्या सांगण्यावरून चालतात, आणि इतर कित्येक ग्रंथींना कामास लावणेंहि तिच्याकडे आहे. तिच्यावर देखरेख मेंदूच्या तळाच्या एका लहानशा भागाची असते. गळ्याच्या पुढल्या बाजूस फुलपांखरासारखी पसरलेली ती अवटू ग्रंथि. तिच्या पाठीस चिकटलेल्या, मसुरीच्या दाण्याएवढ्या बहुधा चार परावटू ग्रंथि रक्तांतील चुन्याचें प्रमाण सांभाळतात. तें फार उतरलें तर हातापायांस वांब येतात. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या त्या अधिवृक्क ग्रंथि. जठरामागें आडवें पडलेलें तें स्वादुपिंड. आणि स्त्रीपुरुषांच्या जननग्रंथि या खात्यांत मोडतातच.

वर्गांतील पहिल्या मुलाचें रहस्य आतां सहज उलगडतें. ठरलेलें वय आलें म्हणजे मेंदूचा तो भाग पीयूषिकेला रात्रीच्या झोंपेंत थांबून थांबून संदेश धाडूं लागतो. पीयूषिका जननग्रंथींना जागें करते, आणि त्यांचें संप्रेरक रक्तांत मिसळलें कीं कंठ रुंदावतो, आवाज फुटतो, हाडें लांबतात, ओंठांवर लव दिसूं लागते. मुलींत हा आरंभ बहुधा आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान व मुलांत नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान होतो. म्हणूनच एकाच बांकावर एक मिसरूड फुटलेला आणि एक बाळसेदार असे दोन समवयस्क शेजारीं बसलेले दिसतात. दोघांतहि कांहीं वावगें नसतें. या मुलाला औषधाची गरज नाहीं; चार लोकांत हंसूं न होण्याची तेवढी गरज आहे.

परंतु मागच्या बांकावरील त्या मुलीचें तसें नाहीं. तिला औषधाची गरज आहे, आणि ती कोणाच्या लक्षांत आलेली नाहीं. अवटू ग्रंथीचें संप्रेरक म्हणजे शरीराच्या चुलीची फुंकणी होय. तें भरपूर असेल तर पेशींतील ज्वलन नीट चालतें; कमी पडलें तर सारा संसार मंदावतो. थंडी अधिक वाजते, नाडी सावकाश चालते, त्वचा कोरडी होते, मलावरोध होतो, झोंप हटत नाहीं, आणि वाढत्या मुलाची उंची थांबते. तेंच प्रमाणाबाहेर गेलें तर उलट प्रकार: अंगाची कडकी, घाम, हाताला कंप, छातींत धडधड, आणि भरपूर खाऊनहि रोडावणें.

या मंदपणावर उपाय सांपडला तो इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें. सन १८९१ मध्यें डॉ. मरे यांनीं अवटूचें काम बंद पडलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईस मेंढीच्या अवटूचा अर्क टोंचण्यास आरंभ केला. सुजलेला चेहरा उतरला, वाचा मोकळी झाली, ती पुन्हां घरकाम करूं लागली. पुढें तोच अर्क पोटांत घेऊन ती आणखी २८ वर्षें जगली व १९१९ मध्यें ७४ व्या वर्षीं वारली. तेवढ्या अवधींत तिच्यासाठीं ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि लागल्या. आज तेंच काम कृत्रिम रीतीनें बनविलेली एक लहानशी गोळी रोज सकाळीं उपाशीपोटीं घेतल्यानें होतें.

अवटूचें संप्रेरक तयार होण्यास आयोडिन लागतें. तें किती? मोठ्या माणसास दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा सुमारें साडेसहा हजारावा भाग. साऱ्या आयुष्याची बेरीज केली तरी ती लहान चमचाभरच भरेल. पण एवढेंहि ज्या मातींत नाहीं तेथें अन्नांतून तें येणार कोठून? हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशांत पावसानें व बर्फानें जमिनींतलें आयोडिन धुऊन नेलें आहे. म्हणून तेथें पिढ्यान् पिढ्या गलगंड आढळत असे. ग्रंथि बिचारी आहे तेवढें आयोडिन पकडण्यासाठीं फुगत जाते, एवढाच त्याचा अर्थ. सन १९५६ पासून कांगडा खोऱ्यांत डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक मोठा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग पाडून दोहोंना आयोडिनयुक्त मीठ दिलें व एका भागास नेहमींचें मीठ चालूं ठेवलें. कांहीं वर्षांत पहिल्या दोन भागांतील मुलांचे गलगंड ठळकपणें कमी झाले. तिसऱ्यांत तसा उतार पडला नाहीं. मग त्या भागासहि तेंच मीठ मिळालें. या अनुभवावर १९६२ मध्यें भारत सरकारनें गलगंड निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. किराण्याच्या दुकानांतील मिठाच्या पुड्यावर 'आयोडिनयुक्त' हा जो शब्द असतो, त्यामागें एवढा इतिहास उभा आहे. तें मीठ झांकणाच्या बरणींत, चुलीच्या धगीपासून व ओलाव्यापासून दूर ठेवावें, म्हणजे आयोडिन उडून जात नाहीं.

गळ्याची गांठ डोळ्यांना दिसते. परंतु आयोडिनच्या अभावाचें खरें नुकसान डोळ्यांना दिसत नाहीं. गर्भांतील व पाळण्यांतील मुलाचा मेंदू घडण्यासाठीं हेंच संप्रेरक लागतें. कांहीं मुलें अवटूशिवाय किंवा अपुऱ्या अवटूसह जन्मास येतात. जगांत हें प्रमाण दर दोन ते चार हजार जन्मांस एक असें धरतात, आणि भारतांत तें याहून अधिक आढळलें आहे. असें मूल जन्मतः बहुधा इतरांसारखेंच दिसतें. तें रडत नाहीं, फार झोंपतें, म्हणून आजी कौतुकानें म्हणते, "किती शहाणं बाळ आहे गं, जरा त्रास देत नाहीं!" हें कौतुक कधीं कधीं फार महाग पडतें. जन्मानंतर दोन ते पांच दिवसांत टांचेतून रक्ताचा एक थेंब घेऊन तपासला, आणि पहिल्या पंधरवड्याच्या आंत औषध सुरू झालें, तर तें मूल चारचौघांसारखें हुशार होतें. कांहीं महिने निघून गेले तर मात्र मेंदूची हानि पुढें कशानेंहि पूर्णपणें भरून येत नाहीं. ज्या रुग्णालयांत ही तपासणी आपण होऊन होत नाहीं, तेथें ती मागून घेण्याचें काम आईबापांचें आहे.

संप्रेरकाचें प्रमाण एवढें बिनचूक राहतें कसें, असा प्रश्न येथें कोणीहि विचारील. मोटेवर मळा भिजत असे त्या दिवसांतील एक गोष्ट जुन्या माणसांना आठवत असेल. वाफा भरत आला कीं दारें धरणारा माणूस मोटकऱ्याला हांक देई आणि मोट थांबे. वाफे सुकूं लागले कीं ती पुन्हां सुरू होई. पीयूषिका व अवटू यांचें तसेंच आहे. पीयूषिका अवटूला 'काम कर' म्हणून सांगते. अवटूचें संप्रेरक रक्तांत पुरेसें झालें कीं तें पीयूषिकेलाच थोपवून धरतें. रक्त तपासतांना डॉक्टर अवटूबरोबर पीयूषिकेचा हुकूमहि मोजतात, तो याचसाठीं. हांका वाढल्या असतील तर मोट बिघडली आहे, हें उघड होतें.

या परस्परांच्या नियंत्रणांत बाहेरून ढवळाढवळ केली तर काय होतें, हें अधिवृक्क ग्रंथींच्या उदाहरणावरून कळतें. मास्तरांच्या हातांत छडी दिसतांच मुलाच्या छातींत धडधडूं लागतें, हात गार पडतात, तोंड कोरडें होतें. यांत मज्जातंतूंचाहि वांटा आहे आणि अधिवृक्काच्या गाभ्यांतून सुटणाऱ्या अ‍ॅड्रिनॅलिनचाहि. वाघ समोर आला असतां पळण्यासाठीं किंवा झुंजण्यासाठीं निसर्गानें केलेली ही तजवीज आहे. अ‍ॅड्रिनॅलिन शुद्ध रूपांत मिळविण्याचें श्रेय १९०१ मध्यें जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकामिने यांना मिळालें. अधिवृक्काच्या सालींतून दुसरें एक संप्रेरक निघतें, त्याचें नांव कॉर्टिसॉल. तें नसेल तर माणूस जगूं शकत नाहीं. हा पिंड नष्ट झाला तर रोगी खंगत जातो व त्याची त्वचा काळवंडते, हें लंडनच्या डॉ. अ‍ॅडिसन यांनीं १८५५ मध्येंच वर्णिलें होतें. सन १९४८ मध्यें अमेरिकेंत याच कुळांतील कॉर्टिझोन सांधे आखडलेल्या एका रुग्ण स्त्रीस टोंचलें, आणि ती थोड्याच दिवसांत चालूं लागली. या शोधास १९५० चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हीं औषधें योग्य हातीं अमृत आहेत. परंतु सांधेदुखीवर वा दम्यावर 'हमखास गुण' देणाऱ्या, नांवगांव नसलेल्या पुड्यांत तींच गुप्तपणें मिसळलेलीं आढळलीं आहेत. दुखणें लगेच थांबतें, भूक लागते, चेहरा गोल होतो; घरच्यांना वाटतें प्रकृति सुधारली. इकडे बाहेरून आयता माल येत आहेसें पाहून पीयूषिका हांक देण्याचें सोडते आणि अधिवृक्क झोंपीं जातात. मग एके दिवशीं पुडी संपते. आयता पुरवठा बंद, आणि घरचा कारखाना तर थंड पडलेला. अशा वेळीं साधा ताप किंवा लहानशी शस्त्रक्रियाहि जिवावर बेतते. म्हणून असें औषध डॉक्टरांच्या सांगण्यावांचून सुरू करूं नये, आणि बरेच दिवस घेतलें असल्यास एकाएकीं थांबवूंहि नये.

आतां राहिला दुसरा मुलगा. आणि त्याच्याजवळ वेळ फार थोडा आहे.

मोठ्या माणसाच्या साऱ्या रक्तांत उपाशीपोटीं साखर असते अवघी पांच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लहान चमचाभर. जेवणानंतर ती वाढूं लागली कीं स्वादुपिंडांतील पेशींचीं बारीक बेटें इन्शुलिन सोडतात. हीं बेटें १८६९ मध्यें बर्लिनच्या लांगरहान्स नांवाच्या विद्यार्थ्यानें प्रथम पाहिलीं. इन्शुलिनची दवंडी ऐकली कीं स्नायूंच्या व मेदाच्या पेशी आपलीं दारें उघडून साखर आंत घेतात, आणि यकृत तिची सांठवण करतें. ज्या मुलाचीं बेटें नष्ट झालीं आहेत त्याच्या दारांत धान्याचीं पोतीं रचलेलीं असतात आणि घरांत चूल पेटत नाहीं. रक्तांत साखर दाटते. ती मूत्रावाटे निसटतांना पाणी ओढून नेते. म्हणून पुन्हां पुन्हां बाहेर जाणें, आणि म्हणूनच पुन्हां पुन्हां पाणी पिणें. पोटभर जेवूनहि अंग झडतें. शेवटीं शरीर स्वतःचा मेद जाळूं लागतें, त्यांतून आम्लें सांचतात, श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो, आणि मूल बेशुद्ध पडतें. मधुमेहाचें वर्णन आपल्या सुश्रुतसंहितेंतहि आहे. परंतु लहान मुलाला जडणाऱ्या या प्रकारावर शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं जगांत कोठेंहि उपाय नव्हता. मुलास जवळजवळ उपाशी ठेवून कांहीं महिने लांबवावयाचे, एवढेंच डॉक्टरांच्या हातीं होतें.

स्वादुपिंड काढलें कीं कुत्र्यास मधुमेह होतो, हें १८८९ मध्यें फॉन मेरिंग व मिन्कोव्स्की यांनीं दाखविलें होतें. तरी त्यांतील संप्रेरक निराळें काढणें तीस वर्षें कोणास साधलें नाहीं. कॅनडांत बँटिंग नांवाचा एक तरुण शस्त्रवैद्य होता. दवाखाना चालत नव्हता म्हणून तो शिकवणीचें काम करी. १९२० च्या ऑक्टोबर अखेरीस एका रात्रीं व्याख्यानाची तयारी करतां करतां त्याला एक युक्ति सुचली. टोरांटो विद्यापीठाच्या प्रा. मॅक्लाउड यांनीं त्याला जागा, कुत्रे आणि बेस्ट नांवाचा एक विद्यार्थी मदतीस दिला. १९२१ च्या मे महिन्यांत काम सुरू झालें. अर्क शुद्ध करण्यासाठीं पुढें कॉलिप हा रसायनज्ञ येऊन मिळाला.

सन १९२२ च्या जानेवारीची ११ तारीख. टोरांटोच्या रुग्णालयांत लेनर्ड थॉम्प्सन नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा पडून होता. त्याचें वजन उरलें होतें २९ किलो. त्याला अर्क टोंचण्यांत आला. साखर थोडीशीच उतरली, आणि टोंचल्या जागीं गळूं झालें. प्रयोग फसला म्हणून तेथेंच थांबले असते तर त्या मुलाचें आयुष्य संपलें होतें. कॉलिपनें रात्रंदिवस खपून अधिक शुद्ध अर्क बनविला, आणि २३ जानेवारीस पुन्हां सुई दिली. या वेळीं साखर झरझर उतरली, मूत्रांतील आम्लें नाहींशीं झालीं, मुलगा उठून बसला. त्यानंतर तो तेरा वर्षें जगला. १९२३ चें नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड यांना मिळालें; बँटिंगनें आपला अर्धा वांटा बेस्टला दिला आणि मॅक्लाउडनें कॉलिपला. शोधाचे हक्क बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनीं प्रत्येकीं एक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केले. ज्या औषधावांचून मुलें मरतात त्याचा व्यापार करावयाचा नाहीं, हा त्यांतील भाव होता.

पुढें १९५५ पर्यंत सँगर यांनीं इन्शुलिनच्या ५१ दुव्यांची सांखळी उलगडली. प्रथम तें डुकरांच्या व गाईबैलांच्या स्वादुपिंडांतून काढीत. १९७८ मध्यें मानवी इन्शुलिन जंतूंकडून तयार करवून घेण्यांत यश आलें आणि १९८२ मध्यें तें बाजारांत आलें.

प्रौढ वयांत होणारा मधुमेह बहुतेक निराळ्या जातीचा असतो. तेथें दवंडी पिटली जाते, परंतु ऐकणारे बहिरे झालेले असतात. वाढलेलें पोट, बैठें काम आणि घराण्यांतील वारसा या गोष्टी हें बहिरेपण वाढवितात. पुढें पुढें दवंडी पिटणाराहि थकतो. भारतांत अशा रोग्यांसह एकंदर मधुमेही दहा कोटींहून अधिक आहेत, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणींत निघाला आहे. चालणें, वजन आटोक्यांत ठेवणें, मोजकें खाणें आणि गोळ्या यांनीं यांतील पुष्कळांचें भागतें. परंतु मुलांतील मधुमेहांत इन्शुलिन हेंच अन्नाइतकें आवश्यक आहे. तें पोटांत घेतलें तर पचून जातें, म्हणून टोंचावेंच लागतें. "एकदां सुई लागली म्हणजे सवय जडते," असें शेजारपाजारचे लोक म्हणतात. सवय ही व्यसनाची असते. पाण्याची सवय जडली असें कोणी म्हणत नाहीं. एखाद्या अंगाऱ्याच्या, काढ्याच्या किंवा जडीबुटीच्या भरंवशावर मुलाचें इन्शुलिन बंद करणारे आईबाप त्याच्यावरील प्रेमापोटींच तसें करतात. आणि तें मूल थोड्याच दिवसांत दगावतें. उलट इन्शुलिन नीट मिळालेलीं मुलें शिकतात, खेळतात, संसार करतात. मात्र सुई झाली आणि जेवण राहिलें, तर साखर फार उतरते. मूल घामाघूम होतें, थरथरतें, भलतेंसलतें बोलतें. म्हणून अशा मुलाच्या खिशांत साखरेची पुडी सदैव असावी, आणि ती कशासाठीं आहे हें त्याच्या मास्तरांना ठाऊक असावें.

श्रोतेहो, शाळेंतील मास्तर हे वैद्य नव्हेत. परंतु आईबापांखालोखाल मुलाला रोज पाहणारा दुसरा माणूस तेच असतात, आणि पुष्कळदां आईबापांच्या आधीं त्यांना फरक दिसतो. जो मुलगा एकाएकीं पुन्हां पुन्हां पाणी मागतो, बाहेर जातो व रोडावत चालला आहे, त्याला छडी दाखविण्यापूर्वीं त्याच दिवशीं घरीं निरोप धाडावा. बोटाच्या टोंकावरील रक्ताचा एक थेंब एका लहानशा पट्टीवर घेतला तर पाऊण मिनिटाच्या आंत साखर कळते. तालुक्याच्याच काय, पुष्कळ प्राथमिक आरोग्य केंद्रांतहि ही सोय असते. जी मुलगी वाढावयाची थांबली आहे, तिची उंची भिंतीवर खूण करून दर सहा महिन्यांनीं मोजावी, आणि वाढ नसेल तर तिच्या रक्तांतील अवटूचें प्रमाण पाहण्यास सुचवावें. या दोन गोष्टींना ना खर्च आहे, ना विद्वत्ता लागते.

त्या वर्गांतील तिन्ही मुलें पुढल्या वर्षींहि वर्गांत असावीं. पहिल्याचा आवाज तोंवर भरदार झालेला असेल. मागच्या बांकावरील मुलगी गोळीच्या गुणानें दोन बोटें वाढलेली असेल आणि हात वर करून मास्तरांच्या आधीं उत्तर देत असेल. दुसरा मुलगा मधल्या सुटींत सुई टोंचून घेऊन इतरांबरोबर डबा खात असेल. शरीरांतील दवंडी मुकी आहे. ज्याच्या अंगांत ती बिघडते त्या मुलालाहि ती ऐकूं येत नाहीं. तिची खूण बाहेरून पाहणाऱ्यालाच ओळखावी लागते, आणि ती वेळेवर ओळखली गेली कीं मूल वांचतें.